एकट्याचे ताट

इंग्लंडातील विल्यम फार यांनी १८५८ साली फ्रान्स देशातील मृत्युसंख्या तपासली, तेव्हा विवाहितांपेक्षा विधवा-विधुरांत मृत्यू अधिक, असे त्यांस आढळले. ह्याचे एक कारण आम्ही चंदगडच्या खेड्यांतही पाहतो. पन्नाशीत जोडीदार गेला की चूल एकदाच पेटते, शिळ्यावर भागते, औषध राहून जाते. कोणी दारूकडे वळतो. एलीया रानात एकटा मरण मागत होता, तेव्हा दूताने त्यास प्रथम भाकर व पाणी दिले. होरेबावर देवाची वाणी मागाहून आली (१ राजे १९). तर उपदेशकांनी अशा घरून केवळ प्रार्थना करून परतू नये. नाचणीची भाकरी न्यावी व सोबत बसून जेवावे. आणि एकट्या राहिलेल्यांनो, ज्या देहात पवित्र आत्मा वस्ती करितो, त्याची हेळसांड करू नका. आमेन.