अजमावणीची मुदत कोठे संपते?

दिघी हे गाव आता गाव राहिले नाही हे तिकडे गेलेल्या वाचकांस ठाऊक आहेच. आळंदीहून पुण्याकडे येणारी पालखी ज्या रस्त्याने जाते, त्याच्या दोहों बाजूंस भाड्याच्या खोल्यांच्या चाळी व इमारती दाटल्या आहेत. एका अंगास भोसरीचे कारखाने, व दूर उत्तरेस चाकणचे. नगर, बीड, लातूर, धाराशिव ह्या जिल्ह्यांतून आलेली तरुण मुले पहाटे अंधारातच डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट पाहत रस्त्याच्या कडेस उभी असतात. अशाच एका घरी भेटीस गेलो असता जो प्रश्न आम्हांस विचारण्यात आला, त्याचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. म्हणून हा लेख.

मुलगा आयटीआय शिकलेला फिटर. कारखान्यात त्यास सहा महिन्यांच्या बोलीने घेतले. ह्या मुदतीस कारखान्यात ‘प्रोबेशन’ म्हणतात. आम्ही येथे अजमावणी म्हणू. सहा महिने भरल्यावर त्यास एक चिठ्ठी मिळाली की, मुदत तीन महिने वाढविली आहे. कारण लिहिले नव्हते. ते तीन महिने सरले, दुसरी चिठ्ठी आली. त्यानंतर चिठ्ठी येणेही बंद झाले. आम्ही गेलो तेव्हा त्यास अठरा महिने झाले होते, व त्याच्याच हाताखाली शिकून दोन नवी मुले यंत्र चालवू लागली होती. पगार मात्र अजमावणीचाच. रजा तितक्याच थोड्या. बँकेने कर्ज नाकारले. एका ठिकाणी लग्नाची बोलणी चालली होती, तीही मुलीच्या मामाने एकच शब्द विचारल्यावर थांबली. तो शब्द असा की, “कायम आहे का?”

मुलाची आई आम्हांस म्हणाली, “पाळकसाहेब, धीर धरा असे आपण आम्हांला सांगता. आम्ही धरतोच. पण धीर कुठवर धरायचा, हे कोणी सांगत नाही.”

बाईंचा प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. धन्याने मनुष्याची परीक्षा किती काळ पाहावी, हा एक. आणि ज्याची परीक्षा पाहिली जात आहे त्याने किती काळ गप्प राहावे, हा दुसरा.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, अजमावून पाहणे हा अन्याय नव्हे. बाजारात घागर घेताना बाई तीस बोटाने वाजवून पाहते. शेतकरी बैल घेण्यापूर्वी त्यास चालवून पाहतो, दात पाहतो, जमल्यास दोन तास औतास जुंपून पाहतो. ह्यात कुंभाराचा किंवा बैल विकणाऱ्याचा अपमान नाही. परंतु जी बाई ती घागर घरी नेऊन वर्षभर तिने पाणी भरते, आणि कुंभार पैसे मागावयास आला म्हणजे “अजून वाजवून पाहते आहे” असे म्हणते, तिला आपण काय म्हणू? जो मनुष्य बैल खरिपास जुंपतो, रब्बीस जुंपतो, आणि तरी म्हणतो की व्यवहार अजून ठरावयाचा आहे, त्यास गावात कोणी भला म्हणणार नाही. घागर वाजविणे व पाणी भरणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परीक्षा हे एक काम आहे, उपयोग हे दुसरे. आणि परीक्षेच्या नावाखाली उपयोग करून घेणे ह्यास आपल्या साध्या मराठीत लबाडी हा शब्द आहे.

तर मग मुदत वाढविणे केव्हाही न्याय्य नाही काय? आम्हांस तसे वाटत नाही. उमेदवार दोन महिने आजारी पडला, किंवा कारखानाच काही काळ बंद राहिला, तर परीक्षाच झालेली नसते. ती पुरी करावयास वेळ मागणे रास्त आहे. कोणाचे काम थोडे उणे पडले आणि वरिष्ठाने त्यास बोलावून सांगितले की, अमुक गोष्टीत तू कमी पडतोस, तीन महिन्यांत ती सुधार, म्हणजे तुला कायम करू, तर ती वाढ ही दयाच होय. तिच्यात तीन गोष्टी असतात: उणीव काय हे सांगितलेले असते, काळ ठरलेला असतो, आणि शेवटी काय मिळणार हे उमेदवारास ठाऊक असते. पौलाने तीमथ्यास सेवकांविषयी जे लिहिले त्यातही त्यांची आधी पारख व्हावी आणि निर्दोष ठरल्यावर त्यांनी सेवा करावी असा क्रम आहे. पारखीच्या पुढे काहीतरी आहे. ज्या पारखीच्या पुढे दुसरी पारखच आहे, तिला काय नाव द्यावे?

दिघीच्या मुलाच्या बाबतीत आम्ही मनाशी असा विचार केला. तो जर कामास अयोग्य असेल, तर अठरा महिने त्याच्या हाती महागडे यंत्र का दिले? नव्या मुलांस शिकविण्यास त्यालाच का नेमले? आणि योग्य असेल, तर कायम का करीत नाहीत? ह्या दोहोंच्या मध्ये तिसरे उत्तर शोधू गेल्यास दोनच सापडतात: एक तर कचेरीत कोणाला त्याच्या कागदाची आठवण राहिली नाही, नाही तर आठवण आहे व विलंबात लाभ आहे. पहिले दुर्लक्ष, दुसरा लोभ. पण महिन्याच्या शेवटी त्या घरास दोन्ही सारखेच जाणवतात.

लाभ केवळ पगाराच्या फरकाचा नाही, हेही सांगितले पाहिजे. अजमावणीवरील मनुष्य बोलत नाही. यंत्रावरील संरक्षक जाळी काढून ठेवली असली, तरी तो विचारीत नाही. सुटीच्या दिवशी बोलाविले तर येतो. शेजारच्यावर अन्याय झाला तर खाली पाहतो. हे भय कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिलेले नसते. परंतु ज्यास ते फुकट मिळते तो ते सहज सोडत नाही.

ही गोष्ट नवी नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात लाबानाचे घर आहे. याकोबाने राहेलीसाठी सात वर्षे चाकरी करण्याचे ठरविले. सात वर्षे भरल्यावर त्याच्या पदरी लेआ आली, आणि आणखी सात वर्षांची बोली झाली. त्यानंतर कळपासाठी सहा. अशी वीस वर्षे, आणि तितक्यात दहा वेळा मजुरी बदलली असे याकोबाचे गाऱ्हाणे आहे. वाचकांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. लाबानाने याकोबाचे काम वाईट आहे असे कधीच म्हटले नाही. उलट, तुझ्यामुळे मला आशीर्वाद मिळाला हे त्याने स्वतःच कबूल केले. म्हणजे मुदत वाढली ती काम उणे होते म्हणून नव्हे, तर चांगले होते म्हणून! दुसरे असे की, फसवणूक उघडकीस येताच लाबानाने आपल्या गावची चाल पुढे केली: थोरलीच्या आधी धाकटी देण्याची आमच्याकडे रीत नाही. ही रीत सात वर्षे त्यास आठवली नव्हती. आजच्या कचेऱ्यांत “कंपनीचे धोरण आहे” असे जे म्हणतात, ते ऐकताना आम्हांस लाबानाची आठवण होते.

याकोब मात्र आपला आदर्श नव्हे. त्याने बापास फसविले होते, आणि शेवटी लाबानाकडून निघाला तो न सांगता, चोरून. ज्याच्यावर अन्याय होतो तो हळूहळू अन्याय करणाऱ्याच्या युक्त्या शिकतो, हे त्या घराण्याच्या गोष्टीत फार स्पष्ट दिसते. दिघीचा मुलगा आम्हांस म्हणाला की, त्याच्या सोबतचे काही जण आता मुद्दाम हळू काम करतात. “ते आम्हांला फसवतात, आम्ही त्यांना.” आम्ही त्यास एवढेच म्हटले की, बाबा, हळू काम करून तू धन्याच्या हाती तेच कारण देतोस जे आजवर त्याच्यापाशी नव्हते.

आता कायद्याविषयी. आपल्या मंडळीतील पुष्कळ लोकांस वाटते की, ही सर्व धन्याची मर्जी. तसे नाही. 1946 मध्ये औद्योगिक नोकरीच्या स्थायी आदेशांचा कायदा झाला, आणि त्याखालील नमुना आदेशांत अजमावणीवरील कामगार म्हणजे कायम जागेवर तात्पुरता घेतलेला व ज्याचे तीन महिने भरले नाहीत असा, अशी व्याख्या होती. तीन महिने! महाराष्ट्राच्या नमुना आदेशांत बारा महिन्यांत 240 दिवस काम केलेल्या बदली वा तात्पुरत्या कामगारास कायम करण्याचे कलमही होते. पुढे 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने, कायमपणाचे हक्क मिळू नयेत ह्या हेतूने माणसांस वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक वा तात्पुरते ठेवणे, ही अनुचित प्रथा ठरविली. 1946 च्या कायद्याची जागा आता 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. तिच्यातील स्थायी आदेश तीनशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी आहेत. म्हणून आपला कारखाना कोणत्या नियमांखाली येतो हे प्रत्येकाने विचारून घ्यावे.

हेतूचा पुरावा कामगाराने कोठून आणावा, असा प्रश्न साहजिक आहे. पुण्याच्या वनखात्याच्या मजुरांचा खटला ह्याविषयी वाचण्याजोगा आहे. पाचगाव-पर्वतीच्या टेकडीवर झाडे लावणारे व राखणारे हे लोक पाच-सहा वर्षे तात्पुरतेच होते. योजना तात्पुरती आहे असे सरकार म्हणे. 1995 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला. माणसे इतकी वर्षे त्याच स्थितीत ठेवली ह्यावरूनच हेतूचा निष्कर्ष निघू शकतो, असे न्यायालयाने मानले. घागरीची गोष्ट न्यायाधीशांस आम्ही सांगितली नव्हती.

उलट बाजूही लपवू नये. नेमणुकीच्या पत्रात अजमावणीची कमाल मर्यादा दिली नसेल, तर केवळ काळ लोटला म्हणून मनुष्य आपोआप कायम होतो असे न्यायालये सहसा मानीत नाहीत. जेथे नियमांत कमाल मर्यादा आहे आणि ती ओलांडूनही त्यास कामावर ठेवले आहे, तेथे तो कायम झाला असे धरावे, हे 1968 मध्ये पंजाबातील शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. एका ओळीवर एवढे अवलंबून असते. आणि आपली मुले ते पत्र न वाचता सही करतात, व त्याची प्रत गावी पेटीत ठेवतात.

सरकार स्वतः ह्या बाबतीत निर्मळ आहे असेही नाही. 2000 साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना निघाली. तरुण शिक्षकाने तीन वर्षे मानधनावर शिकवावे, मग त्यास शिक्षक म्हणावे. प्राथमिक शाळेत ते मानधन महिना 3000 रुपये होते. 2012 मध्ये 6000 झाले, आणि 2023 मध्ये 16000. मुले तीच, फळा तोच. नाव तेवढे तीन वर्षे निराळे. येथे मुदत निदान ठरलेली आहे हे खरे. पण अजमावणी ही स्वस्त मजुरीची सोय कशी होते, हे पाहावयास कारखान्यापर्यंत जाण्याची गरज नाही.

आणि मंडळीने तरी दुसऱ्याकडे बोट का दाखवावे? अमेरिकन मिशन मुंबईस 1813 मध्ये आले. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक ह्यांस अहमदनगर येथे पाळकपदाची दीक्षा मिळाली ती 1854 मध्ये. अँग्लिकन मंडळीचा पहिला बिशप कलकत्त्यास 1814 मध्ये आला. पहिला हिंदी बिशप, अझरया, 1912 मध्ये झाला. ह्या विलंबास सबळ कारणे होती असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. प्रत्येक धन्यापाशी सबळ कारणे असतात. आजही एखाद्या खेड्यात शिक्षक-उपदेशक दहा वर्षे ‘तात्पुरता’ आहे काय, हे ज्यांच्या हाती मंडळ्यांची वही आहे त्यांनी ती उघडून पाहावे. आम्ही स्वतः कमिटीत बसून अशा एका कागदावर “पुढील सभेत विचार व्हावा” असा शेरा दिलेला आहे, आणि पुढील सभेत तो कागद निघाला नाही.

तर धीर कुठवर? आम्हांस असे वाटते की, ज्या दुःखावर न्यायाचा उपाय आपल्या हाती नाही ते सोसणे हा धीर. जेथे विचारता येते तेथे न विचारणे हा धीर नव्हे, ते भय आहे. त्यास धर्माचे पांघरूण घालू नये. तरी भयाची निंदा करण्याची घाई आम्हांस नाही. ज्याच्या घरी आठवड्याचे पीठच शिल्लक आहे, त्याचे भय पोटातून येते. अशा वेळी विचारण्याचा भार एकट्यावर टाकू नये. त्याच खात्यात जे कायम आहेत, व ज्यांची नोकरी शब्दाने जात नाही, त्यांनी त्याच्यासाठी तोंड उघडावे. हे लोक पुष्कळदा आपल्याच मंडळीत पुढच्या रांगेत बसतात.

त्या घरी आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते ह्या सर्व विचारांनंतर. मुलाने नेमणुकीचे पत्र गावाहून मागविले होते. त्यात अजमावणी सहा महिने, व ती फार तर आणखी सहा महिने वाढविता येईल, असे स्पष्ट लिहिले होते. आईने ते दोनदा वाचावयास लाविले.

मग पत्र लिहावयास बसलो. कामावर घेतल्याची तारीख, प्रत्येक वाढीची तारीख, काम केलेले महिने, उणीव काय ती लेखी कळवावी, नसल्यास कायम केल्याचा हुकूम द्यावा, एवढेच. कोऱ्या कागदावर सही मागितली तर करू नये, व पत्राच्या प्रतीवर कचेरीचा पोहोचेचा शिक्का घ्यावा, हे त्यास बजाविले. उत्तर न आल्यास पुण्यास कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. तेथे सोबत येण्याचे आम्ही कबूल केले. वडील असते तर ते गेले असते.

एका शब्दाशी तो अडला. “साहेब, ‘विनंती’ लिहू की ‘मागणी’?” विनंतीने काही होत नाही असे त्याचे म्हणणे, मागणी म्हटली तर रागावतील, असे आईचे. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी त्याने स्वतःच ‘विचारणा’ असा शब्द घातला, व सही केली.

सोमवारी त्याने पत्र दिले. शिक्का मिळाला. हा मजकूर लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.