पत्र्याचा जीर्णोद्धार

गेल्या शतकाच्या सातव्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली, मालकाच्या निवृत्तीबरोबर स्वतःही निवृत्त होऊन कोकणातल्या एखाद्या घराच्या पडवीला लागून ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी राहिलेली फियाट अकराशे पुन्हा चालती करावी, असे मालकाच्या मुलाने किंवा नातवाने मनात आणले म्हणजे त्याची पहिली काळजी इंजिनाची असते, आणि इंजिन बहुधा अपेक्षेपेक्षा लवकर बोलू लागते. खरा प्रसंग उभा राहतो तो पायाखालचे रबरी आच्छादन उचलल्यावर. त्याखालचा पत्रा वरून तांबूस, ओलसर, पण अखंड दिसतो. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवले की ते आरपार जाते आणि खालची जमीन दिसू लागते. मग संशयाने दारांखालची पोकळ सिल तपासावी, चाकांवरच्या कमानी तपासाव्या, बॅटरीचे आम्ल सांडून सांडून खंगलेली तिची बैठक तपासावी, तो जिथे हात घालावा तिथे पत्रा सडलेला, आणि ज्याला आपण दुरुस्ती म्हणत होतो तो जीर्णोद्धार आहे हे हळूहळू ध्यानात येते.

जीर्णोद्धार हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. जीर्ण झालेले किती काढावे, किती राखावे, आणि काढल्याराखल्यानंतर उरते ती पूर्वीचीच वस्तू की तिचे नाव लावणारी दुसरीच, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी, आगमकारांनी आणि शिल्पशास्त्राच्या ग्रंथकर्त्यांनी फार गंभीरपणे हाताळला आहे. आणि घरच्या अंगणात ग्राइंडर हाती घेऊन उभ्या राहिलेल्या हौशी माणसाला तो त्याच गांभीर्याने सोडवावा लागतो, कारण चकती एकदा पत्र्यावर टेकली की विचाराला अवधी उरत नाही.

प्रथम गंजाविषयी. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढू लागतो, आणि खाऱ्या वाऱ्यातील क्षार त्या पाण्यात मिसळले की त्याचा वेग वाढतो. म्हणूनच समुद्रकाठची गाडी देशावरच्या गाडीपेक्षा आधी म्हातारी होते. परंतु सर्व धातूंचे वार्धक्य एका जातीचे नसते. तांब्यावर कालांतराने येणारा हिरवट थर आणि ॲल्युमिनियमवर क्षणात जमणारा अदृश्य थर हे खालच्या धातूचे रक्षण करतात. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो, आणि मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला म्हणजे सांधाच उचकटून टाकतो. दिल्लीत मेहरौलीचा गुप्तकालीन लोहस्तंभ सुमारे 1600 वर्षे उघड्यावर उभा आहे, तो त्याच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटाचा पातळ, संरक्षक थर तयार झाला म्हणून. आणि आजचा कारागीर गंज खरवडून झाल्यावर पत्र्याला फॉस्फरिक आम्ल लावून तो काळसर करतो, तेव्हा त्याच जातीच्या थराचा आसरा घेत असतो. तेव्हा जुन्या गाडीवरचा गंज म्हणजे काळाची मुद्रा, तिला हात लावू नये, असे जे रसिक हल्ली म्हणतात, त्यांच्या रसिकतेबद्दल मला आदर असला तरी त्यांच्या धातुज्ञानाबद्दल नाही. उन्हाने फिकटलेला रंग, सीटच्या कापडाची झीज, स्टिअरिंगवर हातांनी आणलेली झिलई हे वय आहे, ते राखावे; गंज हा चालू असलेला नाश आहे.

आता कापण्याविषयी. या गाडीला निराळी चासी नाही. 1953 साली इटलीत निघालेल्या अकराशेपासूनच बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे सिल कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे जोडून घ्यावे लागतात; नाही तर गाडी मधोमध खचते आणि पुढे कितीही सुंदर पत्रा बसवला तरी दार लागत नाही. मग तारेच्या ब्रशाने घासत, हातोडीने ठोकत आवाज ऐकायचा: निरोगी पत्रा खणखणतो, सडका भद्द वाजतो. जिथे खणखणाट सुरू होतो तिथून किंचित आत, निरोगी भागात, छेद घ्यायचा, मूळच्या जाडीचा, म्हणजे साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा नवा पत्रा कागदी नमुन्यावरून कापून कडेला कड भिडवून बसवायचा, आणि वेल्डिंगचे टाके सलग न मारता एक इकडे, दुसरा पार तिकडे, मध्ये पत्रा निवू देत मारायचे, कारण सलग उष्णतेने पत्रा आक्रसून वेडावाकडा होतो. कडेवर कड चढवून जोड देणे सोपे असते. परंतु त्या दोन थरांमध्ये पाणी साठते आणि गंजाला नवे घर मिळते. पेट्रोलची टाकी आधी उतरवावी आणि बॅटरी सोडवावी, हे सांगावयास नको असे वाटते, तरी सांगतो. तत्त्वचर्चेसाठी माणूस जिवंत असावा लागतो.

अशा रीतीने तळ बदलला, सिल बदलली, कमानींचे तुकडे बदलले, दारांची खालची पट्टी बदलली. आजोबांनी घेतलेली ती गाडी हीच का?

ग्रीक राजा मिनँडर, ज्याला पाली ग्रंथ मिलिंद म्हणतो, त्याला नागसेन भिक्षूने नेमके वाहनाचेच उदाहरण दिले होते. आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे, यांचा ढीग म्हणजेही रथ नव्हे, आणि यांच्याहून वेगळा काढून दाखवता येईल असाही रथ नाही. अवयवांच्या आश्रयाने चालणारा तो केवळ एक व्यवहार आहे, हे त्याने राजाकडून त्याच्याच तोंडाने कबूल करून घेतले. बौद्ध मताने पाहता फियाट कधी नव्हतीच, तेव्हा ती हरवली की राहिली हा प्रश्नही उरत नाही. नैयायिकांना हे मुळीच मान्य नाही. अवयवांहून भिन्न असा अवयवी खरोखर अस्तित्वात असतो, तो अवयवांत समवायाने राहतो, हा त्यांचा सिद्धान्त. परंतु या सिद्धान्ताची जी किंमत मोजावी लागते ती मोजायलाही ते कचरत नाहीत. वस्त्रातून एक तंतू निघाला की ते वस्त्र नष्ट झाले, आणि उरलेल्या तंतूंचे खंडपट म्हणून नवेच वस्त्र उत्पन्न झाले, असे ते शांतपणे सांगतात, आणि आपल्याला होणारी ‘तेच हे’ ही ओळख दीपज्योतीच्या ओळखीप्रमाणे साजात्यावर सोडून देतात. या हिशेबाने ग्राइंडरच्या पहिल्याच ठिणगीला आजोबांची गाडी संपली. पाश्चात्त्यांकडे थीसियसच्या नौकेचा दाखला प्लुटार्कपासून चालत आला असून त्यात हॉब्ज याने अशी पाचर मारली की काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांची दुसरी नौका बांधली तर खरी कोणती? आमच्याकडे ही अडचण उपस्थित होत नाही, कारण काढलेला पत्रा संध्याकाळी भंगारवाला घेऊन जातो.

या मतांत सूक्ष्मता आहे आणि सचोटी आहे. परंतु माझी तक्रार अशी की हातात हत्यार घेतलेल्या माणसाला ती कोणतीच मते कुठे थांबावे हे सांगत नाहीत. एक म्हणते वस्तूच नाही, दुसरे म्हणते पहिल्याच छेदाला ती गेली. दोन्ही पक्षी चार बोटे कापले काय आणि चार फूट कापले काय, फरक पडत नाही. वास्तविक सगळा धर्म त्या फरकात आहे. त्याची चाहूल दर्शनांपेक्षा देवळांच्या व्यवहारात अधिक लागते.

2015 या एकाच सालात दोन प्रसिद्ध देवस्थानांत दोन अगदी विरुद्ध गोष्टी घडल्या. पुरीला, आषाढ अधिक आल्यामुळे, जगन्नाथाचा नवकलेवर झाला: कडुलिंबाच्या लाकडाचे नवे विग्रह घडवले गेले, डोळे बांधलेल्या दैतापतींनी जुन्या विग्रहातील ब्रह्मपदार्थ नव्यात ठेवला, आणि जुने विग्रह मंदिराच्या आवारातच पुरले गेले. कोल्हापुरात त्याच वर्षी अंबाबाईच्या झिजलेल्या मूर्तीवर पुरातत्त्व विभागाने रासायनिक संवर्धन केले. पंढरपुरातही पाषाण झिजू लागला की तोच पाषाण वज्रलेपाने सावरण्याचा प्रघात आहे. पुरीला देह बदलतो आणि आतले काहीतरी पुढे सोपवले जाते. आपल्याकडे देहच राखला जातो, कारण ज्यांच्यावर पिढ्यांनी डोके टेकवले तेच ते चरण आहेत, त्यांच्यासारखे दुसरे नव्हेत. यांतले एक खरे आणि एक खोटे असे कोणी म्हणत नाही, मग त्यांत समान काय? समान हे की दोन्हीकडे हे काम कोणाचे, केव्हा करावयाचे, कोणत्या मर्यादेत करावयाचे, याचा अधिकार आणि दंडक ठरलेला आहे, आणि काय बदलले याविषयी कोणाची फसवणूक नाही. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत आणखी एक मार्मिक नियम सापडतो. खंडित मूर्ती सामान्यतः पूजेतून काढावी असे सांगणारे हे शास्त्र, शंभर वर्षे लोटलेली आणि थोरांनी स्थापन केलेली मूर्ती व्यंग आले तरी टाकू नये, असे बजावते. म्हणजे पुरेसे वय झाले की वस्तूला अपूर्ण राहण्याचा हक्क प्राप्त होतो.

गंमत अशी की आपल्या मोटार कायद्यानेही, नकळत का होईना, हाच मार्ग धरला आहे. केंद्र सरकारने 2021 साली नियमांत केलेल्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. तळाचा सडलेला पत्रा काढून तसाच पत्रा बसवणे हा फेरफार की मूळ स्वरूपाची राखण? माझा निवाडा राखणीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर, आणि ती अट पत्र्याच्या जाडीशी वा वेल्डिंगच्या प्रकाराशी संबंधित नाही.

‘तीच गाडी’ ही पत्र्यात सापडणारी गोष्ट नाही, आणि म्हणून ती केवळ कल्पना आहे असेही नाही. ती एक पत्करलेली जबाबदारी आहे. एखाद्या संस्थानाचा कारभारी जसा धन्याच्या मालमत्तेतला दाणा खर्ची टाकताना त्याची जमाखर्चात रुजुवात घालतो, तसे जो कापताना मेलेले तेवढेच कापतो, जिवंत पत्रा केवळ आपल्या सोयीसाठी वा चकचकाटाच्या हौसेने टाकून देत नाही, आणि काय काढले काय घातले याचा हिशेब ठेवतो, त्याच्या हाती वस्तू तीच राहते. हे लावून पाहिले म्हणजे हल्ली मोठ्या खर्चाने होणाऱ्या काही पुनर्निर्मितींविषयी मन साशंक होते. निरोगी दारे केवळ एक पोचा आहे म्हणून फेकून, कारखान्यातही कधी नव्हता इतका आरशासारखा रंग चढवून जी गाडी प्रदर्शनात उभी केली जाते ती देखणी असेल; जुनी ती नाही.

आणि याच्या दुसऱ्या टोकाला आहे ती पुट्टी. कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून एकसारख्या झालेल्या पृष्ठावरचे बारीक खळगे भरण्यासाठी पातळ पुट्टी लावणे यात गैर काही नाही, सर्व जग तसेच करते. परंतु सडका पत्रा तसाच ठेवून, भोकात जाळी किंवा वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, वर बोटभर पुट्टी थापून रंग मारण्याची जी रीत बाजारात बोकाळली आहे, तिला मी पापच म्हणेन. आणि हे पाप असे की त्याचे फळ याच जन्मी मिळते, कारण पुट्टी ओल शोषून घेते, आतला गंज झाकणाखाली निवांतपणे वाढत राहतो, आणि वर्षादोन वर्षांत रंगाला फोड येतात, तोवर गाडी बहुधा दुसऱ्याच्या गळ्यात पडलेली असते. येथे कोणी विचारील की कुशल कारागीरही आपला जोड घासून नाहीसा करतोच, मग त्यात आणि यात भेद कोणता? भेद आतल्या बाजूला आहे. चांगला कारागीर बाहेरचा जोड सपाट करतो, कारण ते त्या वस्तूच्या रूपाचे देणे आहे. पण पत्र्याच्या पाठीवर, गालिच्याखाली, डिकीच्या कोपऱ्यात त्याचे टाके जसेच्या तसे राहतात, त्यांवर रेड ऑक्साइडचा नाही तर जस्तयुक्त प्रायमरचा हात फिरतो, पाणी जाण्याची मूळची भोके मोकळी ठेवली जातात, आणि पाहू इच्छिणाऱ्याला सर्व काही दिसते.

2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा अकराशेच्या वंशातल्या ज्या गाड्या आता उरल्या त्या घराघरांतल्याच, आणि त्यांचे हात बदलत राहणार. तेव्हा घेणाऱ्याला माझी विनंती की जाताना खिशात एक लहानसे लोहचुंबक, बारीक कापडात गुंडाळून, न्यावे. सिल, कमानी आणि दारांच्या खालच्या कडा यांवर ते जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. आणि देणाऱ्याला विनंती अशी की नोंदणीचे कागद हवाली करताना त्यांच्याबरोबर कुठला पत्रा कापला, कुठला बसवला याची यादी व कामाच्या वेळची छायाचित्रे एका लिफाफ्यात घालून द्यावीत.