फंदीचा फड आणि नववीचा तास

संगमनेरचा अनंत फंदी हा उत्तर पेशवाईतला नावाजलेला शाहीर. त्याच्याविषयी एक आख्यायिका आहे. अहिल्यादेवी होळकरांनी त्याची समजूत घातली, की ही वाणी देवाच्या कामी लाव. आणि फंदीने तमाशाचा फड सोडून कीर्तन धरलं. चोंडीत जन्मलेल्या त्याच अहिल्यादेवींचं नाव २०२४मध्ये नगर जिल्ह्याला मिळालं. आख्यायिका इतकी टिकली, कारण तिच्यामागची समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे: गाणं, नाच, सोंग यांना मान मिळतो, तो दुसऱ्या कशाच्या तरी कामी आल्यावर. आपल्या हायस्कुलांतल्या नाटक-संगीताची आजची अवस्था मला या समजुतीतूनच उलगडते.

एकोणिसाव्या शतकात नगरच्या अमेरिकन मिशनमधल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन आपलंसं केलं. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही. नुसत्या प्रवचनाने जे मनात उतरत नाही ते चाल, अभंग आणि आख्यान यांतून उतरतं, हे त्यांनी ओळखलं होतं. स्वातंत्र्याच्या आगेमागे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने हेच ओळखून लोकनाट्यं आणि समूहगीतं गावोगाव नेली. अशा चळवळींतून आलेल्या शिक्षकांनी शाळांत पोवाडे बसवले, स्नेहसंमेलनं उभी केली. खेड्यातल्या कितीतरी मुली पहिल्यांदा चार लोकांसमोर उभ्या राहिल्या, त्या याच निमित्ताने. हे ऋण मोठं आहे. पण कला इथेही निरोप्याचंच काम करत होती. निरोप बदलत गेले, साक्षरता आली, हुंडाबंदी आली, स्वच्छता आली. पथनाट्य तेवढं राहिलं.

आणि गाण्या-सोंगाची विद्या ज्यांच्याकडे पिढीजात होती, त्या तमाशा कलावंतांना शाळेने दारातच उभं ठेवलं. पठ्ठे बापूरावांच्या फडाला कीर्ती मिळवून देणारी पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची. कांताबाई सातारकर २०२१मध्ये वारल्या, त्याही संगमनेरातच. शेकडो लोकांपर्यंत आवाज कसा पोचवायचा, लय कशी सांभाळायची, सवाल-जवाबात हजरजबाबी कसं राहायचं, हे सगळं ज्यांना हातखंडा येत होतं, त्यांच्यापैकी कुणाला शाळेने शिकवायला बोलावलं? आज गॅदरिंगला लावणी होते, ती मोबाइलवरच्या गाण्यावर. ढोलकीला हात न लावता पोरं दहावी पास होतात.

कला स्वतःच एक शिक्षण आहे, हा विचार कागदावर स्पष्ट उमटला तो फार उशिरा. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दृश्यकला, संगीत, नृत्य आणि नाटक यांना दहावीपर्यंत अभ्यासक्रमात हक्काची जागा मागितली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर ही भिंतच पाडायला सांगितलं. मधल्या २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलेच्या अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे, पण पटसंख्या शंभरावर असेल तरच. अकोले तालुक्यातल्या डोंगरी वाडीवरची किंवा पाथर्डीतली छोटी शाळा तिथेच बाद होते. नववी-दहावी तर या कायद्याच्या कक्षेतच नाही. त्या वर्गांना ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा विषय आहे, पण श्रेणीचा; टक्केवारीत तो धरत नाहीत, म्हणून वेळापत्रकातही कुणी धरत नाही. ‘बाई, आजचा तास मला द्या, पोर्शन राहिलाय,’ असं गणिताच्या सरांनी म्हटलं की तो तास गेला.

२०१७पासून शास्त्रीय कला आणि लोककलेसाठी दहावीला वाढीव गुण मिळू लागले. हेतू चांगलाच होता. पण शाळेत शिकवणारं कुणी नसेल, तर हे गुण बाहेर क्लास लावू शकणाऱ्यांच्याच पदरात पडतात. आणि कला पुन्हा कशाच्या तरी कामी आली. या वेळी टक्क्यांच्या.

तालमीत नेमकं काय घडतं, ते एकदा शेवटच्या बाकावर बसून पाहा. ‘टँकर आला का?’ एवढंच वाक्य. आधी ते आईला विचारायचं, मग सरपंचाला, मग तिसऱ्या दिवशीही रिकामी राहिलेली घागर हातात धरून, कुणालाच नाही. नववीतली मुलगी पहिल्यांदा पाठ केल्यासारखं म्हणते. तिसऱ्या वेळी ती थांबते, श्वास घेते, आणि वर्ग गप्प होतो. समोरचा आपलं वाक्य विसरला तर त्याला सांभाळून घेणं, स्वतःची पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं नीट ऐकणं, हे कुठल्या धड्याखालच्या स्वाध्यायात येत नाही. ऊसतोडीमुळे शाळेत आत-बाहेर करणाऱ्या मुलांना तर हे सगळ्यांत जास्त हवं आहे, कारण वर्गात त्यांचा आवाजच कुणी ऐकलेला नसतो.

राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवणाऱ्या शाळा आहेत. एखादे सर किंवा बाई पदरमोड करून ते करतात. त्यांची बदली झाली की नाटक थांबतं. मधुकर तोरडमल नगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि सदाशिव अमरापूरकर नगरच्या हौशी रंगभूमीवरून ‘अर्धसत्य’पर्यंत गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण असे कलावंत घडावेत म्हणूनही मला हा तास नको आहे. तो नट न होणाऱ्या मुलांसाठी हवा आहे.

पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीला जाल तेव्हा नववीचं वेळापत्रक मागा. नाटक-गाण्याचा तास कोणता, तो कोण घेतं आणि गेल्या महिन्यात तो किती वेळा झाला, एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.