आधी बफ, मग खडू

बफिंग आधी केलं आणि तपासणी राहून गेली. गेली तीन वर्षं ही गोष्ट मी स्वतःला अशीच सांगत आलोय. ‘राहून गेली’ हा मराठीतला फार सोयीचा प्रयोग आहे. त्यात करणारा कुणी नसतोच. पत्र लिहायचं राहून गेलं, आत्याला भेटायचं राहून गेलं. त्या दिवशी मात्र काहीही आपसूक राहून गेलं नव्हतं. मी ते राहू दिलं होतं.

इंदूरला पोलोग्राउंडमध्ये माझी दोन पत्र्यांची शेड आहे. जुन्या मोटारींची आणि मोटारसायकलींची ॲल्युमिनियमची चाकं, हब, इंजिनाची झाकणं मी घासून पूर्ववत करतो. 2022 च्या दिवाळीआधी एक गृहस्थ प्रीमियर पद्मिनी घेऊन आले. पद्मिनी कारखान्यातून लोखंडी रिमवर यायची, पण हिला त्यांच्या वडिलांनी हौसेनं मॅग व्हील बसवून घेतली होती. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या चाकांनाही तेव्हा सर्रास मॅगच म्हणायचे. मुलीचं लग्न होतं, पाठवणी आजोबांच्या गाडीतून व्हायची होती. “काका, तोंड दिसलं पाहिजे चाकात,” एवढीच त्यांची मागणी.

ॲल्युमिनियम गंजत नाही असं लोक म्हणतात. गंजतं, फक्त लाल नाही, पांढरं. हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि खरं तर तोच त्याला सांभाळतो. पण वरच्या जुन्या लॅकरला कुठे टवका गेला की ओल आत शिरते आणि लॅकरखाली गांडुळासारख्या पांढऱ्या रेषा चालू लागतात. त्या चाकांवर अशा रेषांचं जाळं होतं. लॅकर काढून मी आधी 220 चा पेपर लावला, मग 320, 400, 600, पुढे पाण्यातून 800 आणि 1000. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरच्या आडव्या दिशेनं चालवायचा, म्हणजे मागच्याचे ओरखडे खरंच गेले की नाही ते कळतं. त्यानंतर सिसलचा बफ, मग कापडाचा, त्यावर लस्टरची वडी. हे काम मला मनापासून आवडतं. करड्या धातूतून हळूहळू उजेड वर येतो तेव्हा मला चहाचीही आठवण राहत नाही.

600 च्या पेपरवर असताना एका चाकाच्या मागच्या बाजूला, बोल्टच्या भोकापासून आऱ्याकडे जाणाऱ्या जागी, माझं नख अडकलं. जेमतेम नखाच्या रुंदीएवढी रेघ. ती ओतकामातली शिवण असू शकते, वरवरचा ओरखडा असू शकतो किंवा तडा असू शकतो. नुसत्या डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात.

फरक कसा ओळखायचा हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. वडील इथल्याच एका मिलमध्ये फिटर होते. संशयाच्या जागी ते घासलेट चोपडायचे, थोड्या वेळानं कोरडं पुसायचे आणि वर खडूची भुकटी फासायचे. तडा असेल तर आत शिरलेलं घासलेट पाझरून वर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. मी स्वतः पिथमपूरच्या एका कारखान्यात अठरा वर्षं तपासणी विभागात होतो. तिथे हीच युक्ती लाल रंगाच्या आणि पांढऱ्या डेव्हलपरच्या रूपात, घड्याळ लावून चालायची. नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी बजावायचो: तपासणी घासायच्या आधी. ॲल्युमिनियम मऊ असतं. बफच्या दाबाखाली वरचा थर लोण्यासारखा पसरतो आणि तड्याचं तोंड लिंपून टाकतो. मग रंग आत शिरतच नाही, चाक उगाच निर्दोष ठरतं. एकदा बफ लागलेला नग तपासायचा तर आधी कॉस्टिकनं तो लिंपलेला थर खाऊन काढावा लागतो.

म्हणजे बफ मारला की रेघ दिसेनाशी होईल हे मला ठाऊक होतं, ती नाहीशी होणार नाही हेही ठाऊक होतं.

शेडमधल्या पोराच्याही बोटाला ती लागली. “काका, यहाँ कुछ है,” तो म्हणाला. मी चाकाकडे पाहिलंही नाही. म्हणालो, “बफ मार, निकल जाएगी.”

खरोखरच निघून गेली. शेवटी लस्टरचा चिकटपणा काढायला मी चाकावर खडूची भुकटी चोळतो. त्याही दिवशी चोळली. खडू हातात होता, घासलेटचा डबा चार पावलांवर होता.

नंतर मी बरीच कारणं जमवली. मालकानं तपासणी सांगितली नव्हती. पैसे पॉलिशचे ठरले होते, 12,000 रुपये, मजबुतीचे नव्हे. जुन्या ओतकामात अशा रेघा असायच्याच. यातलं एकही खोटं नाही, म्हणूनच ती इतकी टिकली. ज्या कारणाला मी कधी तोंड दिलं नाही ते असं: तडा निघाला असता तर चाक बाद झालं असतं. तसं पाचवं चाक आता कुठल्या बाजारात मिळणार? आर्गन वेल्डिंग मारून घेता आलं असतं, पण ओतीव चाकाला उष्णोपचार झालेला असेल तर वेल्डच्या आसपासचा भाग मऊ पडतो, आणि बोल्टच्या भोकाजवळ असा मऊपणा कोण ठेवील? चार चाकांचं काम तिथेच बुडालं असतं. आणि बाकीची तीन एव्हाना अशी काही उजळली होती की थांबायचा मोह मला झालाच नाही. पैशापेक्षा हे दुसरं कारण मोठं होतं असं आज वाटतं. चौथं पूर्ण झालेलं मला पाहायचं होतं.

लबाडीला जोडीदार लागतात. त्याच गृहस्थांना चाकं देताना मी म्हणालो, “आमच्या घरात हे काम होळकरांच्या काळापासून.” कुठून आलं ते तोंडात? इंदुरात जुन्या मोटारींचं नाव काढलं की यशवंतराव होळकर येतातच. लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधणी केलेली त्यांची केशरी-काळी ड्युसेनबर्ग जगभरच्या मोटारवेड्यांना पाठ आहे. पण त्या गाडीला माझ्या घरातल्या कुणाचं बोटही लागलेलं नाही. वडील मिलमध्ये, आजोबा शेतावर. गिऱ्हाईक मात्र खूश झालं, आणि ज्या माणसाचं घराणं महाराजांच्या गाड्या घासत आलंय त्याला ‘चाक नीट तपासलंत ना’ असं कोण विचारणार? ते वाक्य मी सहज बोललो नव्हतो. तोही एक बफच होता.

महाराजांचीच आणखी एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगतो, ती मात्र खरी आहे. वास्तुकार एकार्ट मुथेसिअसनं महाराजांचा माणिकबाग महाल बांधला त्या दिवसांत यशवंतरावांनी ब्रांकुशी या शिल्पकाराचे ‘बर्ड इन स्पेस’ मालिकेतले तीन पक्षी घेतले, एक ब्राँझचा, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी मंदिर बांधायचं ठरलं, 1938 च्या सुरुवातीला ब्रांकुशी इंदुरात येऊनही गेला. मंदिर झालंच नाही. संगमरवराचे पक्षी आज कॅनबेरात आहेत, ब्राँझचा पॅसाडिनात, आणि माणिकबागेत सरकारी कर खात्याचं कार्यालय. ब्रांकुशी आपले ब्राँझ स्वतः हातानं घासून आरशासारखे करायचा. ह्या वाक्यावर मी नेहमी थोडा थांबतो, म्हणजे समोरच्यानं माझ्या हातांकडे पाहावं.

एक भाग मी गाळतो. याच मालिकेतला दुसरा एक पक्षी 1926 साली अमेरिकेत पोचला तेव्हा जकातवाल्यांनी त्याला कलाकृती मानलं नाही, स्वयंपाकाच्या भांड्याकुंड्यांत घालून कर लावला. खटला चालला, 1928 मध्ये निकाल शिल्पकाराच्या बाजूनं लागला. साक्षीला शिल्पकार जेकब एपस्टाइन होता. सरकारी वकिलानं त्याला विचारलं की एखादा चांगला मेकॅनिक हत्यारं घेऊन असं पॉलिश करू शकेल ना? एपस्टाइननं सांगितलं की पॉलिश करू शकेल, कल्पना करू शकणार नाही. मेकॅनिक आणि कलावंत यांत फरक तोच. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आठवडाभर रागात होतो. आता राग वेगळ्या कारणासाठी येतो. मला ब्रांकुशीच्या रांगेत बसायचं होतं, आणि त्या नादात मेकॅनिकनं जे एक करायलाच हवं ते मी केलं नाही. त्या पक्ष्यावर बसून कुणी भेरूघाट उतरत नाही. चाकावर चार माणसं बसतात.

लग्न थाटात झालं. नवरी त्याच गाडीतून उज्जैनला गेली, फोटो आले, चाकात खरंच फुलांची तोरणं दिसत होती. पुढे गाडी विकली गेल्याचं कळलं. काही वाईट घडल्याची बातमी आली नाही, आणि बातमी न येणं यालाच मी सुटका समजत राहिलो.

पोरानं दरम्यान काम शिकून देवास नाक्याला स्वतःचं दुकान टाकलं. या फेब्रुवारीत सियागंजला बफ आणि पेपर घ्यायला गेलो होतो, तिथून परतताना वाट वाकडी करून त्याच्याकडे गेलो. हात त्याचा माझ्याहून चांगला आहे, हे मान्य करायला मला जड गेलं नाही, उलट बरंच वाटलं. त्याच्याकडेही आता एक पोरगं आहे, चौदा-पंधरा वर्षांचं असेल, नाकावर रुमालही नाही. माझ्याकडे तरी कुठे होता? ते पोरगं एका मोटारसायकलच्या हबवर बोट ठेवून काहीतरी पुटपुटलं. माझ्या पोरानं मान वर न करता उत्तर दिलं, “बफ मार, निकल जाएगी.” मग माझ्याकडे बघून हसला, गुरूसमोर धडा बिनचूक म्हणून दाखवल्यासारखा.

चहा न घेता निघालो. रात्री हिला सांगितलं. ती कुकर घासत होती. तिच्या कुकरला आतून कधी काळपटपणा नसतो, शिट्टी लावताना ती पाण्यात लिंबाची फोड टाकते. सगळं ऐकून ती म्हणाली, “अहो, मग मला काय सांगताय? त्यांना सांगा.”

त्यांना म्हणजे कुणाला, हे शोधायला दहा दिवस गेले, त्यातले सात मी शोधत नव्हतो. जुन्या मालकांनी एजंटाचा नंबर दिला, एजंटानं बऱ्हाणपूरच्या एका गृहस्थांचा. पलीकडून खानदेशी वळणाचं मराठी आलं. नाव सांगितल्यावर ते खूशच झाले. “तुम्हीच का ते? लोक थांबवून विचारतात हो, चाकं कुणी केली!” दर महिन्याला इंदूरला येणं होतं, म्हणाले. म्हणजे प्रत्येक वेळी भेरूघाट.

मी सगळं सांगितलं. सांगताना ‘राहून गेलं’ दोनदा जिभेवर आलं, एकदा निसटलंही, ते परत घेतलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, “घरी बघता येईल का?” मी म्हणालो, “नाही, घासलेट-खडूनं आता काही दिसलं नाही तरी त्याला अर्थ नाही. तोंड मीच लिंपलंय.”

“बरं. चारांतलं कुठलं चाक?”

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी खूण केली नव्हती, आणि पॉलिश झाल्यावर चारही अगदी सारखी झाली होती.

“चारही उतरवा,” मी म्हणालो. “ट्रान्सपोर्टचा खर्च माझा. तोवर लोखंडी रिम पाठवतो, त्यावर चालवा.”

ते रागावले, आणि बरंच बोलले. फोन मी ठेवला नाही.

लोखंडी रिम गेल्या आहेत. चाकं परवा यायची आहेत. कॉस्टिक आणून ठेवलंय, घासलेट आहे, खडूचा डबाही भरलाय. देवास नाक्यावरच्या पोराला त्या दिवशी शेडवर बोलावलंय, त्याच्याकडच्या पोराला घेऊन ये म्हणून. आधी चारही आरसे करडे करावे लागतील.