चित्रातले जू

पक्षाघातातून सावरत असलेल्या माझ्या मावशीला काही वर्षांपूर्वी वसईच्या वाडीतून शहरातील एका रुग्णालयात तपासणीसाठी नेले होते. टेबलापलीकडील तरुण परीक्षिका एकामागून एक रेखाचित्रे पुढे धरी आणि नाव विचारी. खाट, झाड, कात्री, इथवर मावशी खुशीत होती. मग रुंद, चपट्या शेपटीचा एक प्राणी आला. "बाय, हे जनावर काही आपल्याकडचं नाही," ती म्हणाली. परीक्षिकेने न बोलता कागदावर फुली मारली. अहवालात अशा फुल्यांची बेरीज झाली आणि तिच्या आधारे घरात बोलणे सुरू झाले: मावशीने यापुढे एकटीने राहावे का, बँकेची कागदपत्रे कोणी सांभाळावीत. एका परक्या प्राण्याचे नाव न येणे आणि स्वतःच्या घरावरचा हक्क डळमळणे यांत किती थोडे अंतर होते!

ती चित्रे 'बोस्टन नेमिंग टेस्ट' या कसोटीतली. एडिथ कॅप्लन, हॅरॉल्ड गुडग्लास व सँड्रा वाइनट्रॉब यांनी ती १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. तीत ६० रेखाचित्रे आहेत. खाटेपासून आरंभ, मणी सरकवून हिशेब करण्याच्या चौकटीने शेवट, असा सोप्याकडून कठिणाकडे क्रम. कल्पना मोठी सयुक्तिक आहे. चित्र दिसणे, वस्तू ओळखणे, तिचा शब्द स्मरणातून वर येणे आणि तो उच्चारला जाणे, या साखळीतील एक कडी तुटली तरी नाव अडते. म्हणूनच मेंदूच्या आजारांत ही परीक्षा देशोदेशी वापरली गेली. मात्र सोपे कोणते अन् कठीण कोणते, हे अमेरिकेतील जीवनाने ठरवले. शेपटीचा तो प्राणी म्हणजे तिकडचा बीव्हर. त्याच चित्रांत गळफासाचा दोरही आहे. झुंडींनी आपली माणसे झाडाला टांगली, ही आठवण ज्यांच्या घराण्यांत जिवंत आहे, त्या कृष्णवर्णीय वृद्धांपुढे तो धरावा का, असा आक्षेप तेथल्याच तज्ज्ञांनी घेतला आहे.

इतरांनी चित्रे बदलून पाहिली. ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी १९९५ मध्ये बीव्हरच्या जागी प्लॅटिपस आणि प्रेट्झेल नावाच्या खारट बेकरी-पदार्थाच्या जागी पिझ्झा सुचवला. ऐकून हसू येते; पण खरी अडचण पुढेच आहे. नवे चित्र जुन्याइतकेच कठीण आहे का? आमच्याकडे तर क्रमच उलटतो. अमेरिकन यादीत अगदी शेवटच्या, कठीण चित्रांत बैलांचे जू आहे. शेतात वाढलेल्या मावशीने ते झोपेतही ओळखले असते. परंतु लागोपाठ काही चित्रे चुकली की परीक्षा थांबवावी, असा नियम आहे. जुवापर्यंत ती पोहोचलीच नाही.

शिवाय बरोबर उत्तर कोणते धरायचे? त्या यादीत एक मशरूम आहे. त्याला कोणी अळंबी म्हणेल, कोणी भूछत्र, कोणी कुत्र्याची छत्री. आणि नातवंडे मशरूमच म्हणतील. घरात सामवेदी बोलणाऱ्या आजीने आपला शब्द दिला आणि उत्तरपत्रिकेत पुस्तकी शब्द छापलेला असला, तर चूक कोणाची?

मला सर्वांत अस्वस्थ केले ते पोर्तुगालमधील एका अभ्यासाने. आलेक्झांद्रा रेइश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले, की कधीही शाळेत न गेलेली निरोगी माणसे खऱ्या वस्तू समोर ठेवल्यास शिकलेल्यांच्या बरोबरीने नावे सांगतात. त्याच वस्तू चित्रात आल्या की मागे पडतात. म्हणजे कागदावरच्या रेघांत वस्तू पाहणे हीसुद्धा शाळेने लावलेली सवय. तेथील अशा अभ्यासांतील स्त्रियांना शाळा का मिळाली नाही, याचे कारण आपल्याला परके नाही: थोरलीने घर सांभाळायचे, धाकट्यांनी शिकायचे. माझी मावशीही थोरलीच.

मग न शिकलेल्यांसाठी गुणांची रेषा खाली आणावी, असा दयाळू उपाय सुचतो. तो केलाही जातो, आणि पुष्कळदा तो आवश्यकच असतो. पण मला त्यात धोका दिसतो. रेषा फार खाली आली की खरा आजारही तिच्यावरून निसटतो, आणि "शिकलेली नाही, एवढेच यायचे" असे म्हणत आपण तिच्या उपचाराचा काळ घालवतो. निरोगी माणसाला आजारी ठरवणे हा अन्याय आहेच. आजारी माणसाला निरोगी म्हणून घरी पाठवणे हाही अन्यायच, फक्त त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

तपासणीनंतरच्या रविवारी मी मावशीसोबत वाडीत बसलो. विळी, कोयता, सूप, पाटा, सारे तिने भराभर सांगितले. तो अहवाल मनातल्या मनात फाडून मी निश्चिंत होऊ लागलो होतो. मग सहज विहिरीवरच्या मोडक्या रहाटाकडे बोट केले. त्याच्या कुरकुरीत तिचे सारे बालपण गेले होते. "ते... पाणी वर आणतं ते... बैल फिरतो बघ," ती म्हणाली. हात गोल फिरवून दाखवला. शब्द आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेले. या वेळी रहाटाचा फोटो सोबत घेतला.