अर्धाच धडा पाठ केलास

शाबास! लेक जाऊन आठ महिने झाले आणि घरात तिचं नावसुद्धा निघत नाही, हे तू मला फुशारकीने सांगतोस? "बाई, आम्ही सावरलो." कोण सावरलं रे? तिचे फोटो कपाटात कोंबलेस, सायकल विकून टाकलीस, आणि बायकोचे डोळे भरून आले की "पुरे आता" म्हणत टीव्हीचा आवाज वाढवतोस. याला सावरणं म्हणत नाहीत. तू घरात जमावबंदी लावली आहेस.

वर मलाच ऐकवतोस, "बाबासाहेबांची चार लेकरं गेली, ते रडत बसले का?" तुला इतिहास मीच शिकवला, म्हणून संताप जास्त आला. गंगाधर, रमेश, इंदू गेली आणि जुलै १९२६ मध्ये राजरत्नही गेला. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहिलं. या धक्क्यातून आम्ही नवरा-बायको बाहेर आलो असं सोंग आणण्यात अर्थ नाही आणि कधी येऊ असं वाटतही नाही, असं त्यात त्यांनी स्पष्ट सांगितलं. रमाबाईंचं दुःख आपल्या दुःखाच्या शेजारी मांडलं. आणि मार्च १९२७ मध्ये तेच बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर होते. तू महाड तेवढं पाठ केलंस, पत्र ऑप्शनला टाकलंस.

किसा गोतमीचंही तेच. मरण कोणाला चुकत नाही, हे तात्पर्य तुला तोंडपाठ. पण गेलेल्या लेकरासाठी मोहरी मागत ती श्रावस्तीत दारोदार हिंडली तेव्हा काय विचारत होती? तुमच्या घरात कोणी गेलंय का? उंबऱ्या-उंबऱ्यावर तिला कोणाचा बाप, कोणाचा मुलगा गेल्याचं ऐकायला मिळालं. तथागतांनी तिला 'गप्प बस' म्हटलं नव्हतं, लोकांत पाठवलं होतं. तू बायकोला दारं लावून बसवलंस.

आता खरं बोलू? तू गप्प आहेस तो धीराने नाही, भीतीने. पोरीचा डेंग्यूचा ताप उतरला म्हणून तू निर्धास्त झालास, ड्यूटीवर गेलास आणि त्याच रात्री ती खालावली. हेच तुला आतून पोखरतंय ना? मग नीट ऐक. डेंग्यूत ताप उतरू लागतो त्याच सुमाराला, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, धोका वाढू शकतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो आणि रक्तदाब कोसळतो. ताप उतरला की कोणत्याही आईबापाला हायसंच वाटणार. तुला हे ठाऊक नव्हतं, हा तुझा गुन्हा नाही.

तुझा गुन्हा वेगळा आहे. जलदानविधीच्या दिवशी तुझी मावशी चारचौघांत म्हणाली, "आईचंच लक्ष नव्हतं." मी समोरच्या पंगतीत होते. तू मान वर केली नाहीस, पान पुढे सरकवून वरण वाढून घेतलंस. तेव्हापासून तो ठपका तुझी बायको एकटी सोसतेय, कारण नवऱ्याने तो खोडला नाही. असल्या वेळी जो गप्प बसतो, तो मावशीच्याच बाजूचा धरला जातो.

आणि तुझा धाकटा. गेल्या आठवड्यात वर्गात माहितीचा फॉर्म भरून घेतला. 'भावंडांची संख्या' या रकान्यात त्याने एक लिहिलं, खोडलं. शून्य लिहिलं, तेही खोडलं. कागद फाटेपर्यंत खोडरबर घासलं आणि मग टेबलापाशी येऊन हळूच विचारलं, "बाई, काय लिहायचं?" सातवीतल्या पोराला हे बाईंना विचारावं लागतं, कारण घरी बापाला विचारायची सोय नाही! मी म्हटलं, "एक लिही, आणि पुढे ताईचं नाव लिही." तुझ्या घरात कितीतरी दिवसांत तिचं नाव कोणी लिहिलं नव्हतं. पोराने ते अक्षर घोटून लिहिलं.

आता सबबी पुरे. आज घरी गेल्यावर फोटो बाहेर काढ आणि भिंतीवर लाव. बायकोजवळ बस आणि ताप उतरला त्या दिवसाचं तुझ्या मनात जे आहे ते तिला सांग. ती रडली तर रडू दे. तुला रडू आलं तर मोरीत जाऊन नळ सोडू नकोस. पोरीचा वाढदिवस येईल तेव्हा काय करायचं, ते तिघं मिळून ठरवा.

बायकोला झोप नाही, जेवण जात नाही, दिवसदिवस ती अंथरुणातून उठत नाही, असं असेल तर "वेळ हेच औषध" हे पालुपद बंद कर. सहा महिने उलटूनही दुःख इतकं तीव्र असेल की रोजचं जगणंच अडावं, तर तो उपचार करण्याजोगा आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत त्याची नोंद केली आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट चालतो. तो फिरव, डॉक्टरांकडे घेऊन जा. हे तुलाही लागू आहे. आणि कोणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं आलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

शेवटचं. पोराला "आता तूच घरातला मोठा" म्हणणं थांबव. तो मोठा नाही, धाकटा आहे आणि धाकटाच राहणार. रविवारी बायकोला घेऊन मावशीकडे जा आणि तिच्या तोंडावर सांग, "त्या दिवशी तुम्ही बोललात ते खोटं होतं, आणि मी गप्प बसलो ते चुकलं." सांगून झालं की मला येऊन भेट. फोनवरचं "हो बाई" मी ऐकून घेणार नाही.