जमिनीचा शनिवार

बसा. पाय जमिनीला टेकू द्या. फरशी असली तरी खाली मातीच आहे. श्वास आपोआप संथ होईल, त्याच्या मागे लागू नका.

तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, यहुदी सभास्थानात दर शनिवारी थोडे थोडे वाचतात. 54 भागांत वर्ष पुरं होतं की पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्याच्या सुमारास ‘बेहार’ हा भाग येतो. आज तोच मनात घ्या.

आधी जरा कोकणात उतरा. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल यहुदी मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. मांडवीत सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईतलं पहिलं सभास्थान बांधलं ते 1796 साली. घाण्याची सुट्टी त्याच्या कितीतरी आधीची. तो थांबलेला घाणा डोळ्यांसमोर आणा. बैलाच्या डोळ्यांवरची झापड उतरवलेली आहे, आणि ज्या गोल वाटेवर तो आठवडाभर फिरला तीवर आज कोंबड्या टिपतायत. इथं जरा रेंगाळा.

‘बेहार’ ही सुट्टी जमिनीला देतो. सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी पेरू नका, द्राक्षवेल छाटू नका. आपसूक उगवेल ते मालकाचं, गड्याचं, परक्याचं, गुराढोरांचं आणि रानातल्या जनावरांचंही. तासगावात एप्रिलची खरड छाटणी नुकती उरकलेली असते तेव्हा हे वाचलं जातं. बागेवर सोसायटीचं कर्ज असलेल्याला ऐकवून बघा! तो विचारेल, मग खायचं काय? गंमत म्हणजे हाच प्रश्न त्या भागातही विचारलेला आहे. उत्तर मिळतं, सहाव्या वर्षीच पुरेसं पिकेल. मला ते उत्तर सोपं वाटत नाही. तुम्हीही लगेच मान डोलवू नका; प्रश्न तसाच हातात धरून बसा.

आता कृष्णाकाठी या. कऱ्हाडकडून खाली वाळवा, पलूस, मिरज. उसाची लागण, खोडवा, निडवा, पुन्हा लागण. पाण्याला खळ नाही. निचरा होत नाही तिथं खालचं पाणी वर चढतं, ऊन ते शोषतं आणि वरंब्यावर मीठ फुटतं. अशा एका क्षारपड रानात मनानं उभे राहा. पांढरी खपली बोटानं उचला, चिमटीत चुरडा. कडेला बाभळ सोडून काही नाही.

‘बेहार’च्या लगतचा भाग कठोर आहे. जमिनीला तिचे विसावे दिले नाहीत, तर माणूस तिथून गेल्यावर ती ते वसूल करून घेईल, असं त्यात बजावलंय. पूर्वेला माण, खटाव, जतमध्ये मात्र पावसाअभावी रान पडीक राहतं. त्या सक्तीला विसावा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

जमीन माझी, तुम्ही माझ्याकडे पाहुणे, असं देव ‘बेहार’मध्ये म्हणतो. सातबाऱ्यावरचं आपलं नाव आठवा. मग वाटलं तर एवढं म्हणा:

देवा, हे रान तुझं, मी वाटेकरी. पाटाचं दार कधी बंद करायचं ते मला कळू दे. माणच्या रानाला पाऊस दे आणि माझ्या रानाला निचरा. बांधावरचं चार गुरांना खाऊ द्यायला माझा हात आखडू नये. आणि उद्या मोटर सुरू करायच्या आधी मला एकदा माती हातात घेऊन बघू दे.